वावरातली माती आणि घागरीतलं पाणी

(रिसोड तालुक्यातील रिठद येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागे ओट्यावर बसून ऐकणाऱ्या दादा-काकांनो,

बैठक पाण्यावर आहे म्हटल्यावर अनेकींना वाटलं असेल की नळाविषयी, टाकीविषयी, पाइपलाइनविषयी बोलणं होईल. ते प्रश्न महत्त्वाचेच आहेत आणि त्यासाठी भांडावंच लागतं. पण पाणी किती मिळतं आणि किती लांबून आणावं लागतं, याबद्दल आपण जितकं बोलतो, तितकं ते कसं आहे याबद्दल बोलत नाही. बोललो तर एवढंच, की पावसाळ्यात गढूळ येतं आणि उन्हाळ्यात मचूळ लागतं. आज मला त्याच्या मागे जायचं आहे. घागरीत येण्याआधी हे पाणी कुठून कुठून येतं, कोणत्या मातीतून मुरतं, कुणाच्या वावरातून वाहतं? आणि त्या वावरात काय पेरायचं, काय फवारायचं हे कोण ठरवतं?

पाणी बिघडतं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्याचं काळं सांडपाणी येतं. आपल्या वाशीम जिल्ह्यात तशी मोठी कारखानदारी नाही. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, आणि इथली बहुतेक माणसं तेव्हाही शेतीवर जगत होती, आजही जगतात. नकाशात पाहिलं तर आपण उंचावर आहोत. काटेपूर्णा आपल्या जिल्ह्यात उगम पावते आणि उत्तरेला पूर्णेकडे, म्हणजे तापीकडे जाते. अडाण, अरुणावती, पूस यांचं पाणी पैनगंगेला जातं. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरातून निघते, आपल्या रिसोड तालुक्यातून वाहते, पुढे वर्धेला आणि शेवटी गोदावरीच्या खोऱ्याला मिळते. तेव्हा आपल्या पाण्यात जे काही उतरतं, ते बहुतांशी आपल्याच आणि शेजारच्या शिवारांतून उतरतं. दोष दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा थोडी आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की सुधारायचं ठरवलं तर बरंचसं आपल्याच हातात आहे.

पाणलोट म्हणजे काय?

हा शब्द तुम्ही सरकारी फलकावर वाचला असेल. घराच्या टिनावर पडलेलं सगळं पाणी उताराने एका पन्हाळीत येतं. ते टिन म्हणजे त्या पन्हाळीचं पाणलोट. टिनावर कावळ्याने घाण केली असेल, पाला कुजला असेल, तर पन्हाळीखालच्या बादलीत तेच येणार. बादली कितीही घासली तरी उपयोग नाही. तसंच आपल्या नाल्याचं, विहिरीचं. टेकडीच्या माथ्यापासून नाल्याच्या तळापर्यंतचं सगळं शिवार हे आपलं टिन आहे. त्यावर बरड आहे, ई-क्लासची जमीन आहे, सोयाबीन-तुरीची वावरं आहेत, गावठाण आहे, उकिरडे आहेत. एवढा विचार केला तरी कळतं, की विहिरीला कठडा बांधला, ब्लीचिंग पावडर टाकली म्हणजे काम संपलं असं होत नाही.

आपल्याकडचा दगड काळा, कठीण, लाव्हारसाचा. त्यात पाणी धरून ठेवायला जागा कमी. वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत जेवढं साठेल तेवढंच. म्हणून आपल्या विहिरीचं पाणी फार लांबून किंवा फार जुन्या काळातून आलेलं नसतं. ते आसपासच्या वावरांत गेल्या काही पावसाळ्यांत मुरलेलं असतं. विहिरीच्या वरच्या अंगाला काय चाललं आहे, ते विहिरीला लवकर कळतं.

काळ्या मातीचा स्वभाव

आता मातीकडे येऊ. माथ्यावर माती उथळ आणि मुरमाड, खाली येऊ तशी ती काळी, भारी, खोल होत जाते. ही काळी माती फार बारीक कणांची असते. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या हजारातल्या दोन भागांपेक्षाही लहान असतो. या कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाण्यात तरंगत राहतात. पावसाळ्यात भरून ठेवलेली घागर दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसते ती यामुळे. आपल्या आज्या तुरटी फिरवत. तुरटी तो विद्युतभार मोडते, कण एकत्र येतात आणि तळाशी बसतात. म्हणजे त्यांना नाव माहीत नव्हतं, पण काम बरोबर माहीत होतं.

या मातीचा दुसरा स्वभाव म्हणजे ती उन्हाळ्यात फाटते. हात जाईल एवढ्या भेगा आपण पाहिल्या आहेत. पहिला जोराचा पाऊस आला की त्या भेगांतून पाणी सरळ खाली जातं. मातीतून हळूहळू मुरताना जी गाळणी होते, ती तेव्हा होत नाही. वर पडलेलं शेणमूत, खत, घाण त्या पाण्याबरोबर खाली जाते. मग माती फुगते, भेगा बंद होतात, आणि त्यानंतरचा पाऊस वरून वाहू लागतो. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच हगवण-उलट्यांची साथ का येते, याचं एक उत्तर या भेगांत आहे.

आता थोडा हिशोब करू. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे साधारण एक इंच, तर एक लाख लिटर पाणी पडतं. एका दमात पडलं आणि जमीन उघडी असली तर ते माती घेऊन निघतं. एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर सुमारे पाच टन माती गेली, म्हणजे दीड-दोन ट्रॉली. वावर पाहून ते कळतही नाही. जाते ती वरची, सुपीक, शेणखत खाल्लेली माती. ती जाऊन धरणांत, तलावांत बसते. २०१७ मध्ये सरकारला 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणावी लागली, ती याच मातीसाठी. आपल्याच वावरातली माती धरणातून उकरायची आणि ट्रॅक्टरने परत आणायची!

पाण्याबरोबर काय काय जातं?

वावरातून पाण्याकडे जाणाऱ्या गोष्टींच्या दोन वाटा आहेत, आणि दोघींचा उपाय वेगळा आहे.

पहिली वाट मातीबरोबरची. स्फुरद मातीच्या कणाला चिकटून राहतं. डीएपीच्या पोत्यातलं स्फुरद माती वाहिली की माती धरूनच नाल्यात, तलावात जातं. मग तलाव हिरवागार होतो, शेवाळ माजतं, पाण्याला वास येतो. काही कीटकनाशकंही अशीच मातीला धरून जातात. रोगजंतूही गाळाच्या कणांआड राहतात, आणि पाणी गढूळ असलं की ब्लीचिंग पावडरचा जोर गाळातल्या घाणीवरच खर्च होतो, जंतूंपर्यंत पुरत नाही. म्हणून ग्रामपंचायतीने पावडर टाकली तरी पोरं आजारी पडतात, आणि शिपायाने पावडर टाकलीच नाही असा वाद होतो.

दुसरी वाट विरघळून जाणाऱ्यांची. युरियातलं नत्र मातीत गेल्यावर त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेटवर आणि चिकणमातीवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. पिकाने घेतलं ते घेतलं, उरलेलं पाण्याबरोबर विहिरीत. उकिरड्यातून, गोठ्यातून, संडासाच्या खड्ड्यातून येणारं नत्रही असंच जातं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. नितळ, गार, गोड पाण्यातही ते असू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या देशाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे. एक किलो नत्र खाली गेलं तर सुमारे एक लाख लिटर शुद्ध पाणी त्या मर्यादेपर्यंत पोचतं. मघाचे एक लाख लिटर आठवा, एका एकरावरचा एक इंच पाऊस. आणि युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात २० किलोहून जास्त नत्र असतं.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. महाराष्ट्रात हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहे. जास्त नायट्रेट सापडलेल्या जिल्ह्यांत बुलढाणा, यवतमाळ आणि अमरावती ही आपल्याला लागून असलेल्या जिल्ह्यांची नावं आहेत.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पावडरीचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओठ, नखं निळसर पडतात, जीवही जाऊ शकतो. आईच्या दुधावरच्या बाळाला हा धोका जवळजवळ नसतो. आणि बायांनो, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, त्यामुळे उरलेल्या पाण्यात ते उलट वाढतं. जंतूंसाठी उकळणं चालू ठेवायचंच, पण उकळलं म्हणजे बाळाला सगळ्याच बाबतीत सुरक्षित झालं असं समजायचं नाही.

शिवार बदललं, पाणी बदललं

आपल्या सासवांना विचारा, त्यांच्या तरुणपणी शिवारात काय होतं? ज्वारी होती, पऱ्हाटी होती, तूर, मूग, उडीद, तीळ, अंबाडी होती. वेगवेगळ्या मुळांची, वेगवेगळ्या वेळी निघणारी पिकं. धुऱ्यावर गवत होतं, बोरी-बाभळी होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सोयाबीन आलं आणि काही वर्षांत त्याने विदर्भातलं शिवार व्यापलं. तीन-साडेतीन महिन्यांत निघतं, नगद पैसा देतं, म्हणून शेतकऱ्याने ते घेतलं. त्यात त्याची चूक नाही. ज्वारीला भाव नव्हता, कापसाने दगा दिला, कर्जाचा तगादा होता. पण जमिनीच्या दृष्टीने पाहिलं तर जून-जुलैच्या जोराच्या पावसात सोयाबीनचं वावर बरेच दिवस जवळजवळ उघडं असतं. पेरणी उताराच्या दिशेने झाली तर प्रत्येक तास म्हणजे एक छोटी नाली होते.

दुसरा बदल धुऱ्यांचा. एकत्र कुटुंबं फुटली, वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर आला, आणि प्रत्येक धुरा दरवर्षी वीतभर खणला गेला. नाल्याच्या काठापर्यंत नांगर पोचला. ई-क्लासच्या गायरानावर अतिक्रमणं झाली. यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. भूमिहीन माणसाने पोटासाठी कसलेला तुकडा आणि ज्याच्याकडे आधीच जमीन आहे त्याने ढकललेला बांध, या दोघांना एका मापाने मोजणारे आपण नाही.

तिसरा बदल तणनाशकाचा. निंदण हे बायकांचं काम होतं, बायकांची मजुरी होती. तणनाशकाच्या एका डब्याने वीस बायांची मजुरी खाल्ली, याबद्दल कुठल्याही कृषी प्रदर्शनात एक शब्द बोलला जात नाही. मजुरी गेली आणि औषध मात्र मातीत, नाल्यात आलं. निंदण बंद झालं तसं धुऱ्यावरची, तासांतली रानभाजीही गेली. फवारणीचं विष किती जवळ आलं आहे ते २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने दाखवलं. त्या एका हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. फवारून आलेल्या नवऱ्याचे कपडे धुते कोण? नाल्यावर पंप विसळतात, त्याच नाल्याच्या खालच्या अंगाला धुणं कोण धुतं?

खालच्या अंगाला कोण राहतं?

पाणी वरून खाली येतं. गावातही वरचे आणि खालचे असतात. आपल्या कितीतरी गावांत दलित वस्ती, भटक्यांची पालं, मजुरांची घरं नाल्याकाठी, उताराच्या शेवटी आहेत. वरच्या आळीचं सांडपाणी, उकिरड्याचं पाणी त्यांच्या हापशीजवळून जातं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं, ते सार्वजनिक पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क आहे हे सांगण्यासाठी. त्या हक्कात चांगलं पाणी मिळण्याचाही हक्क आलाच. ज्याच्याकडे पैसे आहेत तो वीस लिटरचा जार विकत आणेल, घरात यंत्र बसवेल. ज्या घरात रोजची मजुरी रोज संपते, तिथली बाई काय करेल? जारच्या पाण्याने गावाचा प्रश्न सुटत नाही, फक्त बोलणाऱ्या घरांचं तोंड बंद होतं.

ठरवतं कोण?

आता मुख्य मुद्द्यावर येते. पाणी आणायचं बाईने, आजाऱ्याचं करायचं बाईने, मजुरी बुडवून पोराला रिसोडला नाहीतर वाशीमला दवाखान्यात न्यायचं बाईने. पेरणी कोणत्या दिशेने करायची, युरियाची किती पोती टाकायची, धुरा ठेवायचा की फोडायचा हे मात्र ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे तो ठरवणार. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खातेदारांत बायका सुमारे १४ टक्के होत्या. वावरात राबणाऱ्यांत त्या किती असतात, ते मोजायला गणनेची गरज नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जातेच. जमिनीच्या हक्काचा लढा आणि चांगल्या पाण्याचा लढा वेगळे नाहीत, असं मी म्हणते ते यासाठी.

आणि मातीचं काम बायकांना नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखाली महाराष्ट्रात जे बांध पडले, तळी खोदली गेली, त्यांतली टोपली मोठ्या प्रमाणात बायकांच्या डोक्यावर होती. बांध कुठे घालायचा, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही.

काय करता येईल?

पहिलं, पाणी तपासून घ्या. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं. त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि साहित्य देण्याची तरतूद आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामसेवकाला विचारा. नावं कागदावरच असतील तर खरी करून घ्या. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक विहिरीचं, हापशीचं पाणी तपासलं जावं आणि त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा.

दुसरं, शिवारफेरी करा. पुरुषांबरोबर नको, आधी आपण आपल्याच. पिण्याच्या विहिरीपासून चढाला चालत जा आणि कागदावर काढा, की वर काय आहे. उकिरडा, गोठा, संडासाचा खड्डा, पंप धुण्याची जागा, उघडं वावर. पहिल्या फेरीतच निम्मे उपाय दिसतील. उकिरडा आणि पंप धुण्याची जागा विहिरीपासून लांब, खालच्या अंगाला हलवायला कुठल्याही योजनेचा पैसा लागत नाही.

तिसरं, वावरातले उपाय. पेरणी उताराला आडवी. जमेल तिथे रुंद वरंबा सरी, म्हणजे पाणी सरीत थांबतं आणि माती जागेवर राहते. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र घेतात. पेरणीच्या वेळी थोडं दिलं की नंतर उभ्या पिकात युरिया फेकायची गरज सहसा नसते. पैसाही वाचतो, विहीरही वाचते. आणि नाल्याच्या काठाला दहा फूट गवताचा पट्टा. गवत पाण्याचा वेग मोडतं आणि गाळ तिथेच बसतो. मात्र गवताचा पट्टा माती अडवतो, खाली मुरणारं नायट्रेट अडवायला मुळात युरियाच कमी करावा लागतो, हे विसरू नका.

कुणी म्हणेल, माझं दोन एकर वावर, त्यात पट्टा कुठून सोडू? तक्रार खरी आहे. दोनशे फूट काठ धरला तर पट्टा जेमतेम दोन गुंठ्यांचा होतो, आणि त्यातून चारा मिळतो. तरी त्या दोन गुंठ्यांचं पीक गेलं ते त्याचं एकट्याचं गेलं, आणि चांगलं पाणी मिळालं सगळ्या गावाला. म्हणून त्याची भरपाई एकट्याच्या चांगुलपणावर सोडू नये. रोजगार हमीतून बांध, गवताची लागवड, माथ्यावर समपातळी चर ही कामं गावाने मागावीत, आणि लहान शेतकऱ्याच्या काठापासून सुरुवात करावी.

ही स्वप्नाळू बडबड वाटत असेल तर अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराचं उदाहरण सांगते. त्या शहराचं बहुतेक पाणी दूरच्या कॅट्सकिल डोंगरातून आणि आसपासच्या पाणलोटातून येतं. पाणी गाळायचा अवाढव्य खर्चाचा कारखाना बांधण्याऐवजी शहराने १९९७ मध्ये वरच्या गावांशी करार केला आणि तिथली जमीन, गोठे, सांडपाणी सुधारायला पैसा दिला. खालच्याने वरच्याला पैसे दिले, कारण ते स्वस्त पडलं. त्याच देशात आयोवा राज्यात मका-सोयाबीनच्या शिवारातून येणाऱ्या नायट्रेटमुळे डेमॉईन शहराच्या पाणीखात्याला ते काढायची खर्चिक यंत्रणा उभारावी लागली. २०१५ मध्ये ते वरच्या भागांविरुद्ध कोर्टात गेले, २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला. पीक आपलंच, प्रश्नही आपलाच. आपल्याकडेही पुरंदरच्या पाणी पंचायतीने भूमिहीनाला पाण्यात वाटा दिला. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि चराई बांधून घेतली. गावाने जमिनीचा वापर ठरवायचा, ही गोष्ट महाराष्ट्रात नवी नाही.

आपल्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, आणि ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पुष्कळ गावांत ही सभा सह्यांच्या रजिस्टरवरच होते. पुढच्या वेळी ती खरोखर भरवा आणि तीन ठराव घ्या. पाणी तपासणीचे आकडे जाहीर लावावेत. पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाचे उकिरडे आणि पंप धुण्याच्या जागा हलवाव्यात. नाल्याकाठच्या पट्ट्याचं काम रोजगार हमीच्या यादीत घ्यावं आणि त्याची आखणी करताना बायकांना बरोबर न्यावं. कुणी म्हणालं, की शेतीचं तुम्हाला काय कळतं, तर त्यांना विहिरीच्या पाण्याचा आकडा दाखवा आणि उत्तर मागा.

प्रश्न असतील ते आता विचारा. आणि शिवारफेरीचा दिवस आजच ठरवू, म्हणजे सोंगणी लागायच्या आत ती उरकेल.